चार बोटांची चूल

बाई,

तुझी तेरवी होऊन आज पाच दिवस झाले आणि माझं तुझ्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. गोंडपिपरीला माझ्या घरी परत आलोय. शाळेतल्या पोरांना पत्रलेखन शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पण तुला मी आयुष्यात एक पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू ते सुनेकडून वाचून घेतलं असतंस आणि पुढच्या खेपेला मला ऐकवलं असतंस, "मास्तर झाला म्हून कागद कायले खराब करतं बापू? इथी ये, बस, बोल."

तर बोलतो. सात महिने जे बोललो नाही ते बोलतो. तुझ्या छातीत जे झालं ते कशानं झालं, हे मला माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्या दिवसापासून माहीत होतं. सगळं गाव भाऊजींच्या बिडीला दोष देत होतं, तूही देत होतीस, आणि तुझा शिकलेला भाऊ तोंडात गुळणी धरून बसला होता.

पण आधी चुलीचं सांगू दे. चुलीशिवाय तुझं काही सांगताच येत नाही.

तुझं लग्न झालं आणि दोन वर्षांनी मी आरमोरीच्या शाळेत आठवीत दाखल झालो. राहायला तुझ्याच घरी. आपल्या बाबांचा धंदा मासेमारीचा, भाऊजींचाही तोच, त्यामुळे तुला सासरी नवं काही शिकावं लागलं नाही. सकाळी भाऊजी तळ्यावरून जाळं घेऊन यायचे, तू तळ्याच्या बांधावर, पाळीवर बसून मासे निवडायचीस, मोठे टोपलीत घालून बाजाराला न्यायचीस आणि बारके घरी ठेवायचीस. त्या बारक्या माशांच्या रश्श्यावर मी वाढलो. मी मधल्या सुट्टीत सायकलनं घरी यायचो आणि तू ओरडायचीस, "शाळेत गेला होता का माह्या चुलीत डोकं घालाले?" ओरडत ओरडतच ताट वाढायचीस. पाच वर्षं मी तुझ्या चुलीचं खाल्लं, बाई. आईच्या हातचं मला फारसं आठवत नाही, तुझ्या हातचं आठवतं.

तुझं चुलीशी मात्र पटायचं नाही. ती दर दोन महिन्यांनी तडकायची. तू वारुळाची माती आणायचीस, तळ्याचा गाळ, धानाचा कोंडा, सगळं पायानं तुडवून एकजीव करायचीस, तरी भर पावसाळ्यात एका बाजूनं भेग पडायचीच. मग तू तिच्याशी नणंदेशी बोलावं तसं बोलायचीस. "घे, खाय अजून लाकडं. खाय आन् फूट." मी पुस्तकात तोंड लपवून हसायचो.

नवी चूल लिंपून झाली की ती ओली असतानाच तिच्या समोरच्या ओठावर तू उजव्या हाताची चार बोटं दाबायचीस. खोल, ओळीनं. मी एकदा विचारलं हे कशाला, तर म्हणालीस, "तू वहीवर नाव लिहितं ना? मले लिहिता येत नाई. हे माहं नाव." तेव्हा तुला अक्षरं शिकवायची मी शपथ घेतली होती. पुढं हजारभर पोरांना शिकवली, तुला शिकवायचं राहून गेलं.

बारावी झाली आणि डी.एड.ला नंबर लागेपर्यंत मी एका ठेकेदाराकडे कामाला गेलो. चंद्रपूरकडच्या लहानमोठ्या कारखान्यांत वाफेचे पाइप असायचे. त्या पाइपांना पांढरी दोरी गुंडाळायची, वरून पांढऱ्या भुकटीचा जाड लेप द्यायचा, म्हणजे वाफ निवत नाही. ते कारखाने केव्हाच बंद पडले, ठेकेदारही मेला. भुकटीला आम्ही पांढरी माती म्हणायचो. ठेकेदार नव्या पोराला पहिल्या दिवशी दोरीचा तुकडा आगीत धरून दाखवायचा. तुकडा लाल व्हायचा, बाहेर काढला की पुन्हा पांढरा. जळत नाही, तडकत नाही. मला त्या क्षणी तू आठवलीस. खरं सांगतो, दुसरं काही आठवलं नाही.

उरलेल्या मालाचं अर्धं पोतं मी मागून घेतलं आणि एसटीच्या टपावर टाकून तुझ्या अंगणात आणून उतरवलं. छाती पुढं काढून उभा राहिलो. तू पोत्याचं तोंड उघडून पाहिलंस.

"हे काय आणलं? चुना?"

"चुना नाई. हे आगीले भीत नाई. मातीत टाक, तुही चूल जन्मात फुटणार नाई."

"आन् फुटली तं?"

"तं मी तुह्या घरी पाय ठेवणार नाई."

"मंग फुटलीच पाहिजे बापा," म्हणालीस आणि जुन्या लुगड्याच्या पदरानं भुकटी चाळायला बसलीस. वैशाखाचं ऊन होतं, वारा होता. तुझ्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरं बसलं. मला चेव आला. मी मूठ भरून तुझ्या डोक्यावर उधळली. तू खोकललीस, शिंकलीस आणि डोळे मिटून हसत म्हणालीस, "पाय, मी म्हातारी झाली. आत्ताच पाहून घे तुही बाई म्हातारपणी कशी दिसते ते."

बाई, ती मूठ अजून माझ्या हातात आहे. किती वेळा धुतला हात.

ती चूल फुटली नाही. पुढच्या वैशाखापर्यंत नाही, आणि सगळ्या गल्लीत तुझा बोलबाला झाला. आपल्या ढिवरांच्या बायका आल्या, कुणब्यांच्या आल्या, तलाठ्याची बायको पदर खोचून बघायला आली. तू कुणाला नाही म्हणाली नाहीस. कुणाची चूल लिंपून दिलीस की चार बोटं दाबायचीस आणि एक वाक्य ठरलेलं, "चूल माही, माती माह्या भावाची." मी समोर असलो की जरा मोठ्यानं म्हणायचीस. मी वर बघायचो, पण ऐकत असायचो. कुणी माझं इतकं कौतुक पुन्हा केलं नाही.

पोतं दोन वर्षांत संपलं. मी डी.एड. झालो, मास्तर झालो, लग्न केलं, आलापल्लीच्या जंगलातल्या शाळेवर सात वर्षं काढली आणि पांढरी माती साफ विसरलो. तुझ्याकडे यायचो तेव्हा आपलं भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून चालायचं. तुला गॅस घ्यायला मी लावलं. सिलेंडर आला त्या दिवशी तू त्याला हळदकुंकू लावलंस, वरून फडकं टाकलंस आणि कोपऱ्यात बसवून ठेवलंस. पाहुण्यांचा चहा तेवढा त्याच्यावर. "गॅसवरचा मासा म्हंजे आजाऱ्याचं जेवण," हे तुझं म्हणणं. मी धुराचे तोटे सांगायचो, तू वाढता वाढता ऐकायचीस आणि शेवटी माझ्या ताटात आणखी एक मासा टाकून विचारायचीस, "कोणत्या शेगडीवरचा पायजे, सांग." मी हरायचो. आजही सांगतो, माझंच खरं होतं. आणि मासा तुझाच चांगला होता.

दुसरं भांडण भाऊजींच्या बिडीचं. तू बिड्यांचा कट्टा तांदळाच्या कोठीत लपवायचीस, ते शोधून काढायचे, तू पुन्हा जळणाच्या लाकडांत लपवायचीस. एकदा तो कट्टा लाकडांबरोबर चुलीतच गेला आणि भाऊजी चुलीसमोर नाक पुढं करून बसले. तू इतकी हसलीस की रस्सा करपला. मला वाटायचं, हे असंच चालू राहील. माणसाला असंच वाटतं.

मग गेल्या वर्षी तळ्याची पाळ चढताना तुला दम लागायला लागला. छातीत पाणी झालंय, डॉक्टर म्हणाले. या भागात छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवतो, तशा तुलाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी काढलं की पुन्हा भरायचं. तू म्हणायचीस, "तळं आटून राह्यलं आन् माही छाती भरून राह्यली. उलटं चाललं सारं." शेवटी नागपूरला नेलं. फुफ्फुसावर जे पातळ आवरण असतं त्याचा बारीक तुकडा काढून तपासला. आवरणाचाच कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुझ्याशी नीट बोलल्या. काय काम केलं, घरातलं कुणी कारखान्यात होतं का, बॉयलरवर, सिमेंटच्या पत्र्यांच्या कामावर? तू स्टुलावर बसून सरळ सांगितलंस, "आमचे तं मासे जी मॅडम. तळं आन् नदी. कारखाना नाई कोणी पाह्यला." माझे ते कारखान्यातले दिवस तुला आठवलेही नाहीत. मी तुझ्या मागं उभा होतो. तुझा हात धरून उभा होतो आणि गप्प होतो.

बाहेर आल्यावर मी त्यांना एकट्यानं गाठलं आणि विचारलं, का विचारत होता? त्यांनी समजावून सांगितलं. एका दगडाचे तंतू असतात, ॲस्बेस्टॉस म्हणतात, केसाहून बारीक. हवेत उडतात, श्वासातून आत जातात, तिथं रुतून बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी हा आजार उभा राहतो. हा आजार झाला की बहुतेक वेळा त्याच्या मागं हाच तंतू सापडतो. मी विचारलं, बिडीच्या धुरानं? त्या म्हणाल्या, बिडी वाईटच, तिनं दुसरे आजार होतात, दुसरे कॅन्सर होतात, पण हा बिडीनं होत नाही. तेव्हा मी त्यांना अर्ध्या पोत्याचं सांगितलं. त्यांनी लगेच माझाही फोटो काढायला लावला. माझी छाती स्वच्छ निघाली, बाई. मी तिथं महिनोन् महिने काम केलं, तू नुसतं चाळलंस. असं का, विचारलं तर म्हणाल्या, कुणाला होतो आणि कुणाला नाही, ते सांगता येत नाही. घरच्यांना सांगा म्हणाल्या. तो माल घरात कुठं उरला असेल तर त्याला हात लावू नका, फोडू नका, झाडू नका. मी म्हणालो, तो चाळीस वर्षांपूर्वीच संपला. घरच्यांना मी सांगितलं नाही.

पहिल्यांदा स्वतःला समजावलं की आजारी माणसाला कशाला त्रास. ते खोटं होतं. तू माझ्याकडे बघशील, ती नजर मला नको होती. "माती माह्या भावाची" म्हणताना तुझा चेहरा जसा व्हायचा, तेवढा एकच मला हवा होता. इतका मी भित्रा.

आणि त्याची किंमत भाऊजींनी मोजली. ज्याच्या त्याच्या तोंडी बिडीचाच दोष. भाऊजींनी बिडी सोडली, मग हसणं सोडलं. दुखणं वाढलं तेव्हा एका दुपारी, मी तुझ्या पायांशी बसलो असताना, तू त्यांना म्हणालीस, "तुमच्या बिडीनंच खाल्लं मले." ते खाली मान घालून तुझे तळपाय चोळत राहिले. मी तिथं होतो. चार शब्द बोलायचे होते. मी उठून अंगणात गेलो आणि सायकलच्या चाकात हवा आहे का ते बघत बसलो.

जायच्या दोन दिवस आधी तू त्यांना जवळ बोलावून म्हणालीस, "जाऊ द्या, माह्या मनात नाई आता काई. माफ केलं." सगळे रडले. मीही रडलो, पण माझं रडणं निराळं होतं. जे त्यांनी केलंच नव्हतं, ते तू त्यांना माफ करून गेलीस. आणि ज्यानं केलं होतं, त्याला म्हणालीस, "बापू, जेवला का?"

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होतो. मागच्या पडवीतून ठोकल्याचा आवाज आला. सून वर्षा तुझ्या चुलीशी बसली होती. नाकाला पदर बांधलेला, हातात लोखंडी सब्बल. चुलीची एक कड तिनं पाडली होती आणि तुकडे उखळात टाकले होते.

"काय करून राह्यली?"

"नवी चूल घालतो मामाजी. आत्याबाईनं शिकवलं तसंच. जुनी कुटून नवीच्या पोटात टाकली पायजे, नाई तं घरची आग उपाशी राह्यते. त्या तं दर वैशाखात टाकत होत्या."

बाई, मला ते माहीत होतं. माझ्या डोळ्यांदेखत तू किती वैशाख जुनी चूल कुटली असशील. गल्लीत वेगळी निघालेली प्रत्येक सून तुझ्या चुलीचं एक ढेकूळ घेऊन गेली, जसं शेजारणीकडून विरजण न्यावं. पोतं संपलं, माती संपलीच नाही. एका चुलीतून दुसरीत, दर वर्षी कुटली गेली, चाळली गेली. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं ते चूक होतं. खाली वाकून तुटलेली कड पाहिली. काळ्या मातीत बारीक पांढरे धागे चमकत होते.

"वर्षा, उठ. हात नको लावू. उठ!" मी इतका ओरडलो की भाऊजी धावत आले.

मग मी सांगितलं. पडवीत, उभ्यानं, पोत्यापासून नागपूरच्या दवाखान्यापर्यंत सगळं. बिडीनं नव्हतं भाऊजी, हे तर तीनदा सांगितलं. भाऊजी खाली बसले. चुलीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"पोतं आणलं तवा तुले मालूम होतं?"

"नाई भाऊजी. आईची आण."

"मंग त्याचं काई नाई. तू बहिणीसाठी आणलं. पर नागपूरपासून तं मालूम होतं. काऊन नाई सांगतलं?"

मी वर्षाच्या हातातली सब्बल काढून भिंतीशी उभी केली.

"ती मले बोलली, त्याचं मले दुख नाई बापू. माही बायको, मले नाई बोलणार तं कोणाले बोलन? पर ती खोटं समजून गेली. तिले खरं मालूम पडाले पायजे होतं. ते तिचं होतं."

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि पाण्याची घागर भरायला गेले.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं केलं. तोंडाला ओलं फडकं. उखळासकट सगळं भिजवलं, पुन्हा पुन्हा भिजवलं, जमीन झाडली नाही, ओल्या चिंध्यांनी पुसली. चूल न फोडता खालून फावड्यानं अख्खी सोडवली आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळली. तळ्यापासून लांब, वरच्या पडीत जागेत कमरेएवढा खड्डा घेतला. पाणी घागरीनं भाऊजींनीच ओतलं. ओतताना असं हळू ओतत होते जसं तुला न्हाऊ घालतायत.

गुंडाळताना चुलीचा समोरचा ओठ वर आला. तुझी चार बोटं. करंगळीजवळचं जरा वाकडं, ते बोट तुझं जाळ्याच्या दोरीनं लहानपणीच वाकलेलं. तुझा एकही धड फोटो नाही, मतदान कार्डावर आहे त्यात तू रागावलेली आहेस. मला वाटलं, एवढा वीतभर तुकडा ठेवून घ्यावा. ओला आहे, प्लास्टिकमध्ये आहे, कपाटात ठेवला तर काय होणार? वर्षाच्या मनातही तेच आलं असावं, ती माझ्याकडे बघत होती. भाऊजींनी मान हलवली. मग त्यांनी प्लास्टिकवरूनच आपली चार बोटं तुझ्या चार बोटांवर ठेवली. ती बसली नाहीत, त्यांची बोटं जाड आहेत. तसाच थोडा वेळ हात ठेवला आणि म्हणाले, "चल, उतरव."

माती मी लोटली.

आता एवढंच राहिलं आहे. वर्षानं आठवून आठवून सांगितलं, गावात तुझ्या मातीच्या चुली अजून नऊ घरांत आहेत. काही बंद पडलेल्या, पाच रोज पेटतात. उद्याच्या पहिल्या एसटीनं मी येतोय. भाऊजी म्हणाले, मी संग येतो. प्रत्येक घरी जाऊन सांगायचं की ही कुटू नका, आधी भिजवा, आम्ही काढून नेतो. बायका विचारतील, बाईच्या चुलीत असं काय आहे? तू ज्यांना ज्यांना माया करून लिंपून दिलीस त्या बिचकतील, कुणी तुला नाव ठेवेल. ते मी ठेवू देणार नाही. तू आयुष्यभर जे वाक्य माझ्या कौतुकासाठी म्हणालीस, तेच मी त्यांच्या दारात उभा राहून म्हणणार आहे, मोठ्यानं, तू म्हणायचीस तसं.

चूल तिची. माती तिच्या भावाची.